टेपचं बटण कुणाच्या हाती?

'मला घडवणाऱ्या दहा कॅसेट' या विषयावर पुढच्या अंकासाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप आपल्या अंकाचं काम बघणाऱ्या मैत्रिणीनं धाडला. दर अंकात मारहाण, पोटगी आणि हुंडाच असतो, वाचणाऱ्यांना जरा विसावा मिळू दे, असंही तिनं म्हटलं होतं. मीही हौसेनं हो म्हटलं. रात्री जेवणं उरकल्यावर वही घेऊन बसले. एक ते दहा आकडे टाकले. सहा नावं भराभर लिहिली आणि सातव्याशी अडले. वर नजर फिरवली, तर त्या सहांपैकी एकही कॅसेट मी विकत आणलेली नव्हती, एकही कुणाकडे मागितलेली नव्हती आणि एकीसाठीही टेपचं बटण मी दाबलेलं नव्हतं. त्या माझ्या कानावर पडल्या होत्या, एवढंच.

तेव्हा मैत्रिणींनो, यादी मिळणार नाही. भांडण मिळेल.

अशा याद्या मी आवडीनं वाचत आलेय. दिवाळी अंकांत असतात, रविवारच्या पुरवण्यांत असतात. लिहिणारे बहुधा गृहस्थ असतात. वडिलांनी रेडिओ आणला, कॉलेजातल्या मित्रानं भीमसेनांची अभंगवाणी ऐकवली, मग कुणाच्या तरी खोलीवर रात्र रात्र मैफली ऐकल्या, पहाटे चहाला बाहेर पडलो तेव्हा जग वेगळंच दिसत होतं. छान लिहितात, त्यात वाद नाही. पण एकदा बाईच्या नजरेनं वाचून बघा. रात्रभर कुठं होतास, असं त्यांना घरी कुणी विचारलं नाही का? पहिल्या पगारातून कॅसेट घेतल्या म्हणतात, तो पगार त्यांच्या हातात राहिला कसा? सकाळचं पाणी कुणी भरलं? आवड घडायला चांगलं गाणं लागतं हे खरंच, पण त्याच्याही आधी रिकामा वेळ लागतो, चार पैसे लागतात, दार लोटून बसता येईल अशी जागा लागते. हे सगळं ज्यांना न मागता मिळालं ते म्हणतात, माझी आवड या या कॅसेटींनी घडवली. ज्यांना मिळालं नाही त्या म्हणतात, आम्हाला काय कळतंय गाण्यातलं.

मी रांजणगावची. महागणपतीच्या देवळासमोर माझ्या चुलत्यांचं, तात्यांचं, दुकान होतं. नारळ, पेढे, देवांच्या तसबिरी आणि एका बाजूच्या फळीवर कॅसेट. अष्टविनायकाच्या यात्रेच्या बस लागल्या की तात्या टेप मोठा करत. राजदत्तांचा 'अष्टविनायक' चित्रपट १९७९ सालचा, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीचा. पण अनिल-अरुण यांचं संगीत असलेलं, आठही गणपतींना फिरवून आणणारं त्यातलं गाणं मी शाळेत जाण्याआधीपासून ऐकलं. दिवसातून किती वेळा ते मोजायची सोय नव्हती. त्याच्यामागोमाग मंगेशकर भगिनींच्या आवाजातल्या आरत्या, मग प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी. प्रल्हाद शिंद्यांचा तो भरदार आवाज मला आजही हलवतो. पण तो मी निवडला असं कसं म्हणू? पावसाळ्यात गावातल्या माणसानं पाऊस निवडला म्हणण्यासारखं होईल ते.

घरातही तेच. घरी टू-इन-वन होता. त्याच्यावर आईनं स्वतः विणलेलं क्रोशाचं झाकण होतं. रोज संध्याकाळी ती ते काढून झटकायची, पुन्हा घालायची. मात्र टेपचं बटण तिनं कधी दाबलं नाही. "तुझ्या हातून बिघडेल" असं अण्णांनी सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं होतं. रोज धान्य निवडणारा, वीस भाकरी थापणारा हात. पण त्या हातून बटण बिघडेल! अण्णांच्या भजनाच्या कॅसेट सकाळी, दादाच्या हिंदी सिनेमाच्या संध्याकाळी, आणि लग्नसराईत तात्यांनी आणलेली आनंद शिंद्यांची पोपटाची. आईची एकही नाही.

आईला आवड नव्हती का? २०२२ च्या डिसेंबरात सुलोचना चव्हाण गेल्या. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा मी माहेरी होते. डोक्यावर पदर घेऊन लावणी गाणारी ती बाई पडद्यावर दिसली आणि आई हातातला विळा तसाच धरून बसली. मग तिनं एकेका लावणीचं नाव घ्यायला सुरुवात केली. बारा नावं घेतली, कुठल्या सिनेमातली तेही सांगितलं. म्हटलं, आई, हे तू ऐकलंस कुठं? तर माहेरी शेजारच्या घरी रेडिओ होता, त्यांच्या भिंतीला गोठ्याची भिंत लागून होती, शेणघाण करताना ऐकू यायचं. लग्नानंतर कधी लावायला सांगितलं नाहीस? "घरात लावायची गाणी आहेत होय ती?" असं म्हणून ती पुन्हा भाजीकडे वळली. सत्तरीच्या उंबऱ्यावर असलेल्या या बाईकडे पूर्ण यादी होती, मी वहीत केली त्यापेक्षा कितीतरी पक्की. पन्नास वर्षांत ती कुणी मागितली नव्हती. मीही नाही, आणि मी तर म्हणे लोकांच्या मुलाखती घ्यायचं शिक्षण घेतलेली बाई.

आणखी एका कॅसेटबद्दल लिहायलाच हवं. ती कुठल्याही कंपनीनं काढलेली नव्हती. आत्यानं हट्टानं कोरी कॅसेट आणून आज्जीला जात्यापाशी बसवलं होतं आणि एक पूर्ण बाजू भरून तिच्या ओव्या घेतल्या होत्या. जात्याची घरघर आणि आज्जीचा बसका आवाज. ज्यांनी टेप वापरलाय त्यांना ठाऊक असेल, कॅसेटच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन टिकल्या असतात. त्या मोडून टाकल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. कंपनीच्या कॅसेटी तशाच मोडून येत. आज्जीच्या कॅसेटच्या टिकल्या मोडायचं कुणाला सुचलं नाही, वर नावही कुणी घातलं नाही. दादानं मित्राकडून 'आशिकी' आणली आणि ती या कॅसेटवर भरून घेतली. पुढे आम्ही विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मला वाटलं रिकामीच आहे." खोटं बोलला नाही तो. त्यानं थोडी वाजवून पाहिली होती, त्याला नुसतं आज्जीचं गुणगुणणं ऐकू आलं, म्हणजे रिकामी. 'आशिकी'ची गाणी संपल्यावर थोडी फीत उरली होती, तिथं अर्धा मिनिट आज्जी आहे. मग फीत संपते.

आज्जी २००१ साली गेली. दादा हे वाचेल आणि त्याला वाईट वाटेल. वाटू दे.

त्या 'आशिकी'शी माझं वैर नाही बरं का. १९९० सालची ती कॅसेट, नदीम-श्रवणचं संगीत, अनुराधा पौडवालांचा आवाज. मला ती सगळी पाठ आहे आणि लग्नाच्या वरातीत लागली तर माझे पाय अजून थिरकतात. प्रश्न असा आहे की ज्या घरात मुलाच्या आवडीसाठी आज्जीचा आवाज पुसला जातो आणि कुणाला ते पुसणं वाटतही नाही, त्या घरात पुढे मुलीला 'तुझी आवड सांग' म्हणून कुठून सांगावी?

बायकांचा आवाज कुणाला नको होता असं मुळीच नाही. ध्वनिमुद्रणाचा आपल्याकडचा इतिहासच बायकांच्या गळ्यापासून सुरू होतो. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेड गाइसबर्गनं गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. तबकडीच्या शेवटी ती स्वतःचं नाव इंग्रजीतून मोठ्यानं सांगायची, कारण तबकड्या बनायच्या जर्मनीत, आणि तिथल्या कामगारांना कुठली कुणाची ते कळायला हवं. घरंदाज म्हणवणाऱ्या बायका तेव्हा त्या भोंग्यासमोर येणार नव्हत्या. आल्या त्या कोठ्यावरच्या, गाण्यावर पोट असलेल्या. लोकांनी त्यांना नावं ठेवली आणि त्यांच्या तबकड्या घेतल्या. तेव्हापासून आजवर गळा बाईचा आणि चावी पुरुषाची, अशीच वाटणी चालत आली. आधी ग्रामोफोनची चावी, मग रेडिओचा कान, मग टेपचं बटण.

कॅसेट आली तेव्हा मोठी उलथापालथ झाली असं संगीताचे अभ्यासक सांगतात. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकानं उत्तर हिंदुस्थानातल्या कॅसेटींवर १९९३ साली एक अख्खं पुस्तक लिहिलं. एका बड्या कंपनीची मक्तेदारी मोडली, लहान लहान कंपन्या निघाल्या, ज्या बोलींना नि जातींना तबकडीत जागा नव्हती त्यांना कॅसेटीत मिळाली. हे खरंच आहे, आणि आपल्याकडेही ते घडलं. शिंदे मंडळींची गाणी घरोघर गेली ती कॅसेटीवरूनच. पण अशा पुस्तकातली क्रांती घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबते. मक्तेदारी मुंबई-कलकत्त्याची मोडली. आमच्या घरातली अण्णांची मोडली नाही.

जातीचं निघालंच आहे तर तेही सांगते. नगर रस्त्यानं आमच्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर कोरेगाव भीमा. दर १ जानेवारीला पेरण्याच्या स्तंभाला लाखो माणसं येतात, पुस्तकांचे आणि गाण्यांचे स्टॉल लागतात. आमच्या तात्यांच्या फळीवर मात्र भीमगीतांची एकही कॅसेट नव्हती. "आपल्याकडं ते चालत नाही," एवढंच उत्तर. प्रल्हाद शिंद्यांचा विठ्ठल चालायचा, त्यांची भीमगीतं नाहीत. वैशाली शिंद्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो पुण्याला एम.एस.डब्ल्यू.ला असताना वसतिगृहात, खोलीतल्या लातूरच्या मैत्रिणीच्या लहानशा स्पीकरवर. वीस किलोमीटरवरचं गाणं माझ्यापर्यंत पोचायला लातूरहून मुलगी यावी लागली.

त्याच वसतिगृहातली माझी एक फजिती. मला पहिला मोबाइल मिळाला होता, त्यात मेमरी कार्ड होतं. तेव्हा एस.टी. स्टँडजवळच्या दुकानांतून कार्डात गाणी भरून मिळत. मी शिरूरच्या दुकानात कार्ड दिलं. दुकानातल्या पोरानं विचारलं, "ताई, कोणती टाकू?" मी गप्प. मला सांगताच येईना. एकवीस वर्षांची, पदवीधर, वादविवाद स्पर्धेत ढाली मिळवलेली मुलगी, आणि मला कोणतं गाणं हवंय ते मला ठाऊक नव्हतं. शेवटी म्हटलं, "टाका काहीही." त्यानं त्याच्या आवडीची दोनशे गाणी टाकली. ती मी वर्षभर ऐकली. पुढे त्या लातूरच्या मैत्रिणीनं 'ऋतु हिरवा' ऐकवली, श्रीधर फडक्यांच्या चाली आणि आशाबाई, तेव्हा पहिल्यांदा एक गाणं थांबवून, मागं नेऊन पुन्हा ऐकलं. माझ्या इच्छेनं, माझ्या बोटानं. लोकांना हे हास्यास्पद वाटेल. ज्यांना वाटेल त्यांना लहानपणी बटणाला हात लावायची बंदी नसणार.

आता कुणी म्हणेल, झालं ते झालं, आता तर प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे, जगातलं हवं ते गाणं ऐका. मलाही तसं वाटत असे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के जणींकडे स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. उरलेल्या जणी घरातल्या पुरुषाचा मागून घेतात, आणि मागून घेतलेल्या फोनवर काय ऐकलं ते फोन परत घेणाऱ्याला दिसतं. वेळेचं म्हणाल तर सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे दिवसाला २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांचे ८८. आवड या दोनशे मिनिटांच्या फरकात मरते. पण आकड्यांपेक्षा मला आमच्या केंद्रात आलेली एक केस सांगायची आहे. त्यात चूक माझी आहे.

रांजणगावच्या एम.आय.डी.सी.त काम करणाऱ्या मुली कारेगाव, ढोकसांगवी, रांजणगाव अशा गावांतून खोल्या करून राहतात. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या, बहुतेक ठेकेदाराकडे. पाळीची वेळ, कंपनीच्या बसची वेळ, पाण्याची वेळ. त्यांतली एक लग्न होऊन इथंच सासरी राहते. नवराही कामगारच. तक्रार मारहाणीची होती. कारण विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, कामावरून आली की कानात वायर घालून बसती. हाक मारली तर ओ देत नाही." नवऱ्यानं एकदा ती वायर ओढून तोडली, एकदा फोन आपटला, मग हात उचलला. दोन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत समझोता झाला. मी कागदावर कलमं लिहीत गेले. नवरा हात उचलणार नाही. पगार तिच्याच खात्यात राहील. सणाला माहेरी पाठवतील. आणि चौथं, सासूबाईंच्या आग्रहावरून, 'सून घरात असताना कानात हेडफोन घालणार नाही.' माझ्या अक्षरात लिहिलंय ते. मला तेव्हा आनंदच झाला होता, की पगाराचं कलम मान्य झालं आणि बदल्यात इतकं किरकोळ काहीतरी सोडावं लागलं.

दोन महिन्यांनी ती एकटीच आली. मार बंद होता. पगार खात्यात होता. म्हणाली, "ताई, ते चौथं काढता येईल का?" मी म्हटलं, अगं, बाकी सगळं नीट चाललंय, त्या वायरचं काय एवढं? ती म्हणाली, "आठ तास मशीनचा आवाज असतो. फोन गेटवर जमा असतो. बसमध्ये ड्रायव्हरची गाणी. घरी टीव्ही त्यांचा. मला माझा कान कधी मिळतो?"

तो समझोत्याचा कागद माझ्यासमोर होता तेव्हाच दहा कॅसेटींचा निरोप आला होता.

मी त्या दिवसापासून सासूबाईंच्या वाक्याचा विचार करतेय. हाक मारली तर ओ देत नाही. सगळं त्यात आलं. बाईचा कान हा घरातल्या सगळ्यांचा असतो. कुकरच्या शिट्ट्या तिनं मोजायच्या. बाळाचं रडणं, सासऱ्यांचा खोकला, दूधवाल्याची घंटा, नळाला आलेलं पाणी, हे सगळं तिनं ऐकायचं. तिच्या कानाला चोवीस तासांची पाळी असते, सुट्टी नसते. पुरुष डोळे मिटून गाणं ऐकत बसला तर त्याला रसिक म्हणतात, घरातली पोरं दबक्या पावलानं फिरतात. बाई तशी बसली तर तिचं घरात लक्ष नसतं. वायर तोडली जाते ती गाणं वाईट आहे म्हणून नव्हे. कुणी ते ऐकलेलंसुद्धा नसतं. बाई अर्धा तास हाकेच्या बाहेर गेली, हे सहन होत नाही.

कार्यकर्त्या मैत्रिणी मला म्हणतील, आणि एक-दोघी म्हणाल्याही, की आमच्याकडे जाळून घेतलेल्या बायका येतात, ठेकेदार पगार बुडवतो, संडासाला जायची सोय नाही, आणि तू गाण्यांचं काय घेऊन बसलीस? माझा त्यांना साधा प्रश्न आहे. हे इतकं किरकोळ असतं तर सासरच्यांनी त्याचं कलम घालायला लावलं असतं का? पगार तिच्या खात्यात जाऊ द्यायला ते तयार झाले आणि कान मोकळा सोडायला झाले नाहीत. आपल्यापेक्षा त्यांना त्याची किंमत जास्त कळली होती.

यात आपल्या चळवळीचंही माप घेतलं पाहिजे. आपण बायकांना गाणी दिली. स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' १९८३ साली आलं आणि त्यातली गाणी गावोगाव गेली. पुढे शिबिरं झाली, गाण्यांच्या पुस्तिका निघाल्या, कॅसेटही निघाल्या. मी ती गाणी शिबिरातच शिकले आणि आजही मोर्चात घसा बसेपर्यंत म्हणते. त्या गाण्यांनी मला बोलायला शिकवलं. पण ती सगळी म्हणायची गाणी, मिळून म्हणायची, काहीतरी करायला लावणारी. एकटीनं अंधारात, भिंतीकडे तोंड करून ऐकायचं गाणं कुठलं, हे आपण कुणा बाईला विचारलं नाही. तिथंही तिच्या कानाला आपण कामच लावलं. अण्णांची भजनं सुधारायला, आपली गाणी जागृत करायला.

तीन वर्षांपूर्वी ८ मार्चला गावात आमचा कार्यक्रम होता. भाषणं झाली, चळवळीची गाणी झाली. मागच्या रांगेतल्या बायका कुजबुजत होत्या. एकजण उठून म्हणाली, "ताई, आता पोपट लावा की, जरा नाचू." मी कडक चेहऱ्यानं म्हटलं, आजच्या दिवशी तसली गाणी नकोत. त्या हसल्या, पदर सावरला आणि पाच मिनिटांत मागची रांग रिकामी झाली. मला ते द्वयर्थी गाणं आजही आवडत नाही, हेही सांगून टाकते. आवडीचा हक्क मागायचा तर नावडीचाही ठेवला पाहिजे. पण त्या दिवशी बटणावर बोट कुणाचं होतं? माझं. आणि मी अण्णांसारखीच वागले. "तुमच्या हातून बिघडेल," एवढं फक्त म्हणायचं राहिलं.

दुसरी वाट दाखवणारी माणसंही याच जिल्ह्यात होऊन गेली आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यात राहून वर्षानुवर्षं खेड्यापाड्यातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या त्यांच्या संग्रहात आहेत, काही ध्वनिमुद्रित, आणि २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या 'पारी' या संग्रहानं त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. आमच्या शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकांचे आवाज त्यात आहेत. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं, की ओवीसोबत गाणारणीचं नाव दिलंय, गाव दिलंय, तालुका दिलाय. गौहर जाननं शंभर वर्षांपूर्वी स्वतःच ओरडून सांगून घेतलं होतं ते नाव. आज्जीच्या कॅसेटवर कुणी न लिहिलेलं. आमच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांना मी त्या ओव्या फोनवर ऐकवल्या. एक म्हणाली, "ही चुकली, पुढचं असं नाही." आणि तिनं पुढचं म्हणून दाखवलं. आम्हाला काय कळतंय गाण्यातलं म्हणणारी हीच ती.

मी त्या चौथ्या कलमासाठी पुन्हा बैठक लावली. माझी चूक झाली, हे कलम मला लिहायचा अधिकार नव्हता, असं सासूबाईंसमोर आणि नवऱ्यासमोर सांगितलं. नवरा म्हणाला, सही झालेला कागद आहे. मी म्हटलं, सही झालेले कागद बदलतात. दीड तास गेला. सासूबाई तशा वाईट नाहीत. मध्येच म्हणाल्या, "मला तरी कुठं कोण ऐकू देत होतं?" नवरा म्हणाला, "आई, तू गप." शेवटी त्यानंच तोडगा काढला. एका कानात घालावं, दुसरा मोकळा ठेवावा, म्हणजे हाक ऐकू येईल. मी ते लिहून घेतलं नाही. तिनं मात्र तोंडी मान्य केलं.

उठताना मी तिला सहज विचारलं, ऐकतेस तरी काय गं एवढं? या लेखातही घालता आलं असतं. ती म्हणाली, "ते नाही सांगायचं, ताई. तुम्ही पण लिहून ठेवाल."

सध्या एका कानावर आहे. पुढची बैठक महिन्याच्या चौथ्या शनिवारी.